विश्लेषण : गड पडद्यावर आला, यमू मागे का राहिली?

एमिली ब्रॉन्टीची 'वुदरिंग हाइट्स' ही कादंबरी १८४७ मध्ये प्रसिद्ध झाली. फेब्रुवारी २०२६ मध्ये, व्हॅलेंटाइन डेच्या तोंडावर, ती मार्गो रॉबी आणि जेकब एलॉर्डी या जोडीसह पुन्हा पडद्यावर आली. त्याआधी नोव्हेंबर २०२५ मध्ये गिलेर्मो देल तोरो यांचा 'फ्रँकेन्स्टाइन' नेटफ्लिक्सवर आला. त्याची मूळ कादंबरी १८१८ ची. म्हणजे पेशवाई बुडाली त्या वर्षीची गोष्ट आज लोक मोबाइलवर पाहत आहेत.

मग मराठीतल्या एकोणिसाव्या शतकातल्या कादंबऱ्यांचे काय झाले? या प्रश्नाचे अर्धे उत्तर कोल्हापुरात आहे. हरि नारायण आपटे यांची कादंबरी पडद्यावर नेण्याचे काम शंभर वर्षांपूर्वी याच शहरात झाले. मात्र त्यांची ऐतिहासिक कादंबरी निवडली गेली, आणि ज्या सामाजिक कादंबरीने त्यांचे नाव अजरामर केले ती बाजूला राहिली.

जुन्याच गोष्टी पुन्हा पुन्हा का?

पहिले कारण सरळ हिशेबाचे आहे. नाव सगळ्यांना ठाऊक असते आणि लेखकाच्या वारसांना एक रुपयाही द्यावा लागत नाही. नव्या गोष्टीची ओळख करून द्यायला जाहिरातीवर जो खर्च होतो, तो शाळेच्या पाठ्यपुस्तकाने आधीच करून ठेवलेला असतो.

दुसरे कारण वादाचे. मूळ पुस्तक वाचलेला प्रेक्षक भांडायला तयार बसलेला असतो. कादंबरीत हीथक्लिफचा वर्ण सावळा आहे, मग गोरा नट का घेतला, यावर 'वुदरिंग हाइट्स'च्या प्रदर्शनाआधीच रणकंदन झाले. दिग्दर्शिका एमराल्ड फेनेल यांनी चित्रपटाचे नावच अवतरण चिन्हांत टाकले. ही मूळ कादंबरी नव्हे, तिची एक आवृत्ती, असा त्याचा अर्थ.

आपल्याकडेही हे नवे नाही. हीथक्लिफची गोष्ट दिलीपकुमार यांनी 'दिल दिया दर्द लिया'मध्ये १९६६ सालीच रंगवली होती. भारतीय भाषांतल्या त्या शतकातल्या कादंबऱ्याही पडद्यावर दिसतात. बंगालीतली 'आनंदमठ' १९५२ मध्ये चित्रपट झाली. गुजरातीतल्या 'सरस्वतीचंद्र'वर १९६८ मध्ये चित्रपट आणि २०१३ मध्ये मालिका आली. देवकीनंदन खत्री यांची 'चंद्रकांता' नव्वदच्या दशकात दूरदर्शनवर घराघरांत पोहोचली. उर्दूतल्या 'उमराव जान अदा'वरचा १९८१ चा 'उमराव जान' जून २०२५ मध्ये पुन्हा चित्रपटगृहांत लागला, आणि तरुणांनीही तो पाहिला.

कोल्हापुरात सुरुवात कशी झाली?

बाबूराव पेंटर यांनी १९१७-१८ च्या सुमारास महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी केली. पैसा गायिका तानीबाई कागलकर यांनी दिला. कॅमेरा विकत घेण्याची ऐपत नव्हती, म्हणून तो घरीच तयार केला. आनंदराव आणि बाबूराव या पेंटर बंधूंनी सुरू केलेले हे काम आनंदरावांच्या निधनानंतर बाबूरावांनी पुरे केले. कोल्हापुरात आजही जुना मिस्त्री 'पार्ट मिळत नसेल तर बनवू' म्हणतो. हा त्यातलाच प्रकार.

याच कंपनीचा 'सिंहगड' हा मूकपट १९२३ मध्ये आला. त्याचा आधार होता हरि नारायण आपटे यांची 'गड आला पण सिंह गेला' ही कादंबरी. काटेकोरपणे पाहिले तर ती १९०३ ची, म्हणजे विसाव्या शतकातली. पण तिचा लेखक, तिची भाषा आणि तिचा बाज एकोणिसाव्या शतकात घडलेला. आपटे १९१९ मध्येच वारले होते. आपली गोष्ट पडद्यावर हलताना त्यांना दिसली नाही.

'सिंहगड'मध्ये रात्रीचे प्रसंग कृत्रिम प्रकाशात टिपले गेले. तोवर चित्रण उन्हाच्या भरवशावर चाले. तानाजीची चढाई रात्रीची, त्यामुळे दिवे लावण्यावाचून इलाज नव्हता. कादंबरीतल्या एका प्रसंगाने भारतीय सिनेमाला नवे तंत्र शोधायला लावले, असे म्हणायला हरकत नाही. शेलारमामाच्या भूमिकेत होते तेव्हाचे तरुण व्ही. शांताराम. चित्रपटाला झालेली गर्दी पाहून मुंबई सरकारला करमणूक कर सुचला, असे सिनेमाच्या इतिहासात सांगितले जाते. आपटे ज्या साप्ताहिकातून कादंबऱ्या लिहीत, त्याचे नाव 'करमणूक'च होते. योगायोग म्हणून सोडून द्यावे, पण मजेशीर आहे.

पुढे शांताराम, दामले, फत्तेलाल, धायबर आणि सीताराम कुलकर्णी यांनी १९२९ मध्ये कोल्हापुरातच प्रभात फिल्म कंपनी काढली. 'प्रभात'ने १९३३ मध्ये तीच कादंबरी बोलपट म्हणून पुन्हा केली. शीर्षक तेच, 'सिंहगड'. त्याच वर्षी कंपनी पुण्याला गेली.

दहा वर्षांत एकच कादंबरी दोनदा, तीही एकाच शहरात. याला कारण होते. इंग्रजी अमलात राजकारण उघड बोलता येत नव्हते, ते शिवकाळाच्या आडून बोलावे लागे. 'प्रभात'च्या 'स्वराज्याचे तोरण' या मूकपटाच्या नावातला 'स्वराज्य' हा शब्दच सेन्सॉरला खुपला. शेवटी १९३० मध्ये तो 'उदयकाल' या नावाने प्रदर्शित करावा लागला. अशा दिवसांत गडाची गोष्ट निवडणे ही केवळ धंद्याची गोष्ट नव्हती. शिवाय पडदे रंगवणारे, मूर्ती घडवणारे, तालमीत घुमणारे, घोड्यावर मांड ठोकणारे लोक कोल्हापुरात गल्लोगल्ली होते. ऐतिहासिक चित्रपटाला लागणारे सगळे मनुष्यबळ पायी चालत येईल इतक्या अंतरावर.

'तान्हाजी'त ती राजपूत विधवा कुठून आली?

जानेवारी २०२० मध्ये 'तान्हाजी : द अनसंग वॉरियर' आला आणि त्या वर्षीचा मोठा हिट ठरला. त्यात उदयभानाच्या कैदेत असलेली कमलदेवी आठवते? सती जायला निघालेल्या या विधवेला उदयभान पळवून आणतो. जगतसिंह हा तिचा भाऊ.

आपट्यांच्या कादंबरीत कमलकुमारी आहे, उदयभानाने तिला पळवणे आहे, जगतसिंहही आहे. १९३३ च्या बोलपटातही कमलकुमारी होती. कोंढाण्याची लढाई इतिहासातली, तानाजींचे बलिदान इतिहासातले. कमलकुमारीचे कथानक मात्र कादंबरीचे. अनेक प्रेक्षक ज्याला इतिहास समजून घरी गेले, त्यातला एक मोठा धागा एका कादंबरीकाराच्या टेबलावर विणला गेला होता.

इथे एक गोष्ट नजरेतून सुटू नये. आपट्यांच्या ऐतिहासिक कादंबरीतही मध्यभागी एक विधवा आहे. सामाजिक कादंबरी लिहिणाऱ्या आपट्यांचा पिच्छा विधवांच्या प्रश्नाने सोडला नव्हता. तो त्यांच्याबरोबर गडावरही चढला. पडद्याने ही विधवा उचलली खरी, पण शत्रूच्या तावडीतून सोडवायची कैदी म्हणून. जिला सोडवायला कोणी येत नाही, आणि जिचा छळ करणारे तिच्याच घरचे आहेत, अशी विधवा आपट्यांनी आधीच लिहून ठेवली होती. तिचे नाव यमू.

'पण लक्षात कोण घेतो' मध्ये आहे काय?

आपट्यांनी १८९० मध्ये 'करमणूक' साप्ताहिक सुरू केले आणि त्यातून ही कादंबरी क्रमशः छापायला सुरुवात केली. १८९३ मध्ये ती पुस्तकरूपात आली. अशा समकालीन कादंबऱ्यांना त्यांनी 'आजकालच्या गोष्टी' म्हटले होते. आज आपण तिला 'पिरियड ड्रामा' म्हणू. लिहिणाऱ्यासाठी ती शेजारच्या वाड्यातली बातमी होती.

गोष्ट यमुना, म्हणजे यमू, स्वतः सांगते. लहानपण, लवकर झालेले लग्न, सासर. नवरा शिकलेला, समजूतदार. तो तिला लिहायला-वाचायला शिकवतो. दोघे मुंबईला जातात आणि काही काळ मोकळा श्वास घेतात. मग नवरा जातो. यमूला पुन्हा त्याच घरात यावे लागते आणि तिच्या मनाविरुद्ध तिचे केशवपन केले जाते. शेवट शोकान्त. तिची मैत्रीण दुर्गी हिचा संसार तर नवऱ्याच्या हयातीतच नरक झालेला असतो. शंकरमामंजी हे पात्र ज्यांनी वाचले आहे, त्यांना धार्मिकपणाचा आव आणणारा माणूस किती भयंकर असू शकतो हे वेगळे सांगावे लागत नाही.

ही कादंबरी छापली जात असताना बाहेर संमतिवयाचा वाद पेटलेला होता. १८९१ च्या कायद्याने मुलींचे संमतिवय १० वरून १२ वर नेले. १० वरून १२. हे आकडे आज वाचताना डोळे थांबतात. तेवढ्यावरूनही पुण्यात सभा उधळल्या जात होत्या. टिळकांचा सरकारी हस्तक्षेपाला विरोध होता, आगरकरांचा 'सुधारक' कायद्याच्या बाजूने लढत होता. त्या गदारोळात दर आठवड्याला घरी येणाऱ्या अंकात एक मुलगी आपली गोष्ट सांगत होती.

साप्ताहिकाचा हप्ता आणि वेब सीरिजचा एपिसोड यांची यंत्रणा एकच आहे. वाचकाला अशा जागी सोडायचे की पुढच्या आठवड्यापर्यंत तो अस्वस्थ राहिला पाहिजे. ही कादंबरी पानोपानी त्या हिशेबाने बांधली आहे. आठ-दहा भागांत तोडायला कोणत्याही पटकथाकाराला फार झटावे लागणार नाही. तरी गाजलेल्या मराठी चित्रपटांच्या यादीत ती कुठेच नाही.

'कुंकू' याच आपट्यांचा ना?

नाही. हा घोळ इतका जुना आहे की तो एकदा सोडवलेला बरा.

जरठ-कुमारी विवाहावरचा, व्ही. शांताराम यांचा १९३७ चा 'कुंकू' हा 'न पटणारी गोष्ट' या कादंबरीवर आहे. तिचे लेखक नारायण हरि आपटे (१८८९-१९७१). 'पण लक्षात कोण घेतो'चे लेखक हरि नारायण आपटे (१८६४-१९१९). नाव आणि वडिलांचे नाव यांची अदलाबदल, बाकी सगळे वेगळे. त्यात 'कुंकू'ची नायिका शांता आपटे. तीन आपटे एका जागी आल्यावर गोंधळ व्हायचाच.

नारायण हरि हे सिनेमाला अधिक जवळचे. कोल्हापुरात बाबूराव पेंटर यांनी केलेला 'सावकारी पाश' (१९२५) हा त्यांच्याच कथेवरचा. 'प्रभात'चा 'अमृतमंथन' (१९३४) त्यांच्या 'भाग्यश्री'वरचा. म्हणजे सामाजिक गोष्ट सांगायची वेळ आली तेव्हा सिनेमावाल्यांनी समोर असलेल्या, चर्चेला बसणाऱ्या लेखकाला गाठले. यात चूक काही नाही. पण फरक पाहा. 'कुंकू'ची नायिका लढते, म्हाताऱ्या नवऱ्याला नवरा मानायला नकार देते, आणि शेवटी तोच तिच्या वाटेतून दूर होतो. यमूला लढायला जागाच मिळत नाही. १९३७ च्या प्रेक्षकाला पहिली नायिका हवीहवीशी वाटली. दुसरी बहुधा कोणत्याच काळात वाटत नाही.

हक्क कोणाकडे?

भारतीय कायद्यानुसार साहित्यकृतीवरचा स्वामित्वहक्क लेखकाच्या हयातीत आणि मृत्यूनंतर ६० वर्षे राहतो. ही ६० वर्षे मृत्यूच्या पुढच्या १ जानेवारीपासून मोजतात. १९९२ पूर्वी ही मुदत ५० वर्षांची होती.

हरि नारायण १९१९ मध्ये वारले. जुन्या हिशेबाने त्यांचे सगळे लेखन १९६९ संपताच मुक्त झाले. आज कोणीही कोणाचीही परवानगी न घेता 'पण लक्षात कोण घेतो'वर चित्रपट, मालिका, ऑडिओ किंवा चित्रकथा करू शकतो. नव्या आवृत्तीची प्रस्तावना, टिपा किंवा कोणी केलेला अनुवाद यांचे हक्क वेगळे असतात. ते उचलता येत नाहीत.

नारायण हरि १९७१ मध्ये वारले. त्यांच्या कादंबऱ्या ३१ डिसेंबर २०३१ पर्यंत हक्कांत आहेत. म्हणजे 'न पटणारी गोष्ट'वर नवी मालिका करायची तर आज परवानगी लागेल. गंमत अशी, की त्यावरचा 'कुंकू' हा चित्रपट मात्र १९९७ नंतर हक्कमुक्त आहे, कारण चित्रपटाची मुदत प्रदर्शनापासून ६० वर्षांची.

मग अडते कुठे?

पैशांवर तरी अडायला नको. गडाच्या चित्रपटाला घोडे, शेकडो माणसे आणि व्हीएफएक्स लागते. यमूच्या गोष्टीला दोन वाडे, एक मुंबईची जागा आणि चांगले नट पुरतात. कोल्हापूरजवळच्या वसगडेतल्या एका वाड्यात 'तुझ्यात जीव रंगला' ही मालिका काही वर्षे चालली. मोरेवाडीला चित्रनगरी आहे. वाडा, अंगण, विहीर, माजघर ही लोकेशन इथे शोधत हिंडावी लागत नाहीत.

पहिली खरी अडचण आवाजाची. कादंबरीची सगळी ताकद यमूच्या सांगण्यात आहे. लहान असताना ती जे पाहते त्याचा अर्थ तिला कळत नाही, वाचकाला कळतो. कॅमेरा हे बाहेरून पाहतो आणि सगळे एकदम उघडे करून टाकतो. सतत मागून निवेदन लावले तर मालिकेचे रेडिओ नाटक होते.

दुसरी अडचण आपल्या आवडीची. स्त्रीशिक्षणाचा तोच काळ अलीकडे पडद्यावर भरपूर आला. रमाबाई रानड्यांवरची 'उंच माझा झोका' ही मालिका २०१२ मध्ये आली, 'आनंदी गोपाळ' चित्रपट २०१९ मध्ये. दोन्ही लोकांना आवडले. पण ही 'पहिल्या' स्त्रियांची आयुष्ये आहेत. एक स्त्री चळवळीच्या अग्रभागी, दुसरी पहिल्या डॉक्टरांपैकी. दुःख कितीही असले तरी शेवटी प्रेक्षकाच्या हाती अभिमान लागतो. यमू कशातही पहिली नाही. ती त्या काळच्या असंख्य मुलींपैकी एक आहे, आणि तेच तिचे म्हणणे आहे. निर्मात्याच्या बैठकीत ही गोष्ट ऐकवली तर 'शेवट थोडा पॉझिटिव्ह करू' ही सूचना पहिल्या दहा मिनिटांत येईल. ती मान्य केली तर कादंबरी उरत नाही.

तसा 'पॉझिटिव्ह' शेवट हवाच असेल तर तो आधीच लिहिलेला आहे. बाबा पद्मनजी यांची 'यमुनापर्यटन' ही मराठीतली पहिली कादंबरी मानली जाते. ती १८५७ ची. तिची नायिकाही यमुनाच. ती नवऱ्याबरोबर प्रवास करते, गावोगावच्या विधवांची स्थिती पाहते, मग स्वतः विधवा होते आणि पुनर्विवाह करते. आजच्या भाषेत चक्क रोड मूव्ही. पद्मनजी ख्रिस्ती झाले होते, नायिकेची वाटही त्या धर्माकडे जाते, त्यामुळे या पुस्तकाला हात लावायला वेगळे धैर्य लागेल.

तिसरी अडचण जातीची आहे आणि ती टाळता येणार नाही. केशवपनाची सक्ती मुख्यतः ब्राह्मण घरांत होती. अनेक जातींत पाटाची, म्हणजे विधवेच्या दुसऱ्या लग्नाची, रीत चालत आली होती. आपट्यांचे जग एका समाजापुरते आहे. आजचा दिग्दर्शक ते साऱ्या महाराष्ट्राचे घर म्हणून दाखवू शकत नाही. जोतिराव फुल्यांनी १८६३ मध्ये पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले, तेही याच विधवांसाठी. कादंबरीच्या चौकटीबाहेरचा हा भाग पडद्यावर आणायचा की नाही, हे रूपांतर करणाऱ्याने ठरवायचे. 'वुदरिंग हाइट्स'वर जसे भांडण झाले, तसे इथेही होईल. होऊ द्यावे.

पण हे सगळे जुने झाले नाही का?

केशवपन गेले. बाकीचे गेले का, याचे उत्तर कोल्हापूर जिल्ह्यातच मिळते. विधवा पुनर्विवाहाला मान्यता देणारा कायदा राजर्षी शाहू महाराजांनी संस्थानात १९१७ मध्ये केला. त्यानंतर १०५ वर्षांनी, शाहू महाराजांच्या स्मृतिशताब्दीच्या आठवड्यात, ४ मे २०२२ रोजी शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेला ठराव करावा लागला : पतीच्या निधनानंतर बाईच्या बांगड्या फोडणे, कुंकू पुसणे, मंगळसूत्र आणि जोडवी काढणे बंद. १७ मे २०२२ रोजी राज्य सरकारने परिपत्रक काढून सर्व ग्रामपंचायतींना हेरवाडचा कित्ता गिरवायला सांगितले.

हेरवाडच्या ठरावातल्या प्रथा एका जातीपुरत्या नाहीत. त्या करणाऱ्या बहुतेक वेळा घरातल्याच बायका असतात, शेजारच्या, नात्यातल्या, दुःखात सामील झालेल्या. यमूभोवतीची माणसेही घरचीच होती. शंकरमामंजी सोडले तर त्यातले फारच थोडे दुष्ट होते, बाकीचे रीत पाळत होते. नव्या पटकथेत खलनायक कोण दाखवायचा, हा प्रश्न म्हणूनच 'सिंहगड'पेक्षा अवघड आहे. तिथे उदयभान होता.